चामड्याचा बंद आणि त्यामागचा हात

कोल्हापुरी चपलांच्या दुकानात आता केवळ चपलाच मिळतात असे नाही. कमरेचे पट्टे, पाकिटे, किल्ल्यांचे गोफ आणि तरुण मुलामुलींच्या मनगटावर शोभणारी चामड्याची ब्रेसलेटेही तेथे टांगलेली दिसतात. चपलेचा तळ कापून उरलेल्या लहानशा तुकड्यातूनही असे एखादे ब्रेसलेट निघू शकते. पट्टी कापावी, तिच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात, तेल मुरवावे, ठशाने वर एखादी नक्षी उमटवावी. थोड्या सरावाने घरबसल्या जमण्याजोगे हे काम आहे. मात्र सगळे झाल्यावर शेवटी एक प्रश्न उरतोच. या पट्टीची दोन टोके जोडायची कशाने? बक्कल लावावे, टिचबटण ठोकावे, चांदीचा आकडा अडकवावा, की चामड्याचीच गाठ मारावी? निवड चुकली तर काही दिवसांतच भोक रुंदावते, मनगटावर काळा डाग उमटतो, किंवा सुंदर नक्षीचे ते ब्रेसलेट रस्त्यात कोठेतरी गळून पडते.

प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की आपण पाहता पाहता चामडे कमावणाऱ्यांच्या कुंडापाशी, चांदीच्या भट्टीपाशी, यंत्रमागाच्या पट्ट्यापाशी आणि अखेरीस आपल्या समाजरचनेच्या एका दुखऱ्या जागेपाशी येऊन पोहोचतो. या लेखात आम्ही हाच माग काढण्याचे योजिले आहे, आणि त्यासाठी उभे राहण्याची जागा म्हणून जयसिंगपूर निवडले आहे.

एका नव्या गावाचे शेजार

कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. याच मार्गावर, शिरोळ तालुक्यात, राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या नावे जयसिंगपूर ही बाजारपेठ वसविली. जुनी गावे वाढत वाढत वाकडीतिकडी होतात. हे गाव मात्र आधी आखून मग वसविलेले, म्हणून त्याच्या गल्ल्या सरळ आहेत आणि त्या क्रमांकाने ओळखल्या जातात. तंबाखू, गूळ, धान्य यांचा व्यापार येथे वाढला. पुढे उसाच्या भावासाठी भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या परिषदांमुळे हे नाव महाराष्ट्रभर झाले.

चामड्याच्या जोडाचा इतिहास पाहण्यासाठी ही जागा मोठी सोयीची आहे. पश्चिमेला कोल्हापूर, म्हणजे चपलांचे माहेर. दक्षिणेला यंत्रमागांची इचलकरंजी आणि तिच्या पलीकडे चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेली हुपरी. पूर्वेला तंबोरे आणि सतारी घडविणारे मिरज. कृष्णेच्या पलीकडे सीमाभागात अथणी, आणि दक्षिणेकडे निपाणी. 'कोल्हापुरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चपलांपैकी कितीतरी या सीमाभागात बनतात. चामडे, कापड, चांदी आणि तार या चारही पदार्थांशी झुंजणारे कारागीर इतक्या जवळजवळ क्वचितच नांदतात. प्रत्येकाने आपापल्या पदार्थाची दोन टोके जोडण्याची युक्ती शोधून काढली, आणि एकाची युक्ती दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडत नाही हेही ओळखले.

खिळ्याविना सांधा

अस्सल कोल्हापुरी चपलेत लोखंडी खिळा नसतो. म्हशीच्या जाड कातड्याचे तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. तळाच्या थरांमध्ये दोन्ही बाजूंना जे तुकडे बसवितात त्यांना 'कान' म्हणतात. पायावरचा पट्टा या कानांत ओवला जातो. अंगठा, वेणी, गोंडा हे सारे चामड्याचेच. आरीने भोक पाडायचे, त्यातून वादी ओढून घ्यायची, मोगरीने ठोकून सांधा बसवायचा, अशी ही रीत आहे. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी अशी या चपलांची जुनी नावे सांगितली जातात. त्यांतल्या 'बक्कलनाळी'त बक्कल हा शब्द कानाला ऐकू येतो, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खिळा का नाही? धातूची ओळख नव्हती म्हणून, असे म्हणता येणार नाही. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी टेकडीवर विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात झालेल्या शोधकार्यात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष आणि ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांत पॉसायडन या ग्रीक सागरदेवतेची रोमन घडणीची लहान मूर्ती आहे आणि ती कोल्हापूरच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच ज्या गावात दूरदेशीची धातूकला पोहोचली होती, त्या गावच्या कारागिराने चपलेत धातू घातला नाही, याचे कारण चामड्यातच शोधले पाहिजे.

हे चामडे वनस्पतींच्या रसात कमावलेले असते. बाभळीची साल आणि हिरडा ही त्यातली मुख्य द्रव्ये. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात, तिच्यात सालीचा व हिरड्याचा काढा भरतात, आणि तो काढा कातड्यातून झिरपत झिरपत त्याचे चामड्यात रूपांतर करतो. ज्या द्रव्यामुळे हे घडते त्याला टॅनिन म्हणतात. हिरडा चघळला असता तोंडाला जो तुरटपणा जाणवतो तो त्याचाच. या टॅनिनचा लोखंडाशी ओलाव्यात संबंध आला की निळसर काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र उकळून काळी शाई करण्याची रीत आपल्याकडे होती, ती याच गुणामुळे. युरोपातील ख्रिस्ती मठांतही शतकानुशतके माजूफळ आणि हिराकस यांच्या शाईने पवित्र ग्रंथांच्या प्रती लिहिल्या गेल्या. ती शाई ज्या पानावर लिहिली जाई ते पानही पुष्कळदा जनावराच्या कातड्याचेच असे. आणि काळाच्या ओघात हीच शाई काही हस्तलिखितांची पाने अक्षरांच्या जागी कुरतडून टाकते, हा आज ग्रंथरक्षकांपुढचा मोठा प्रश्न आहे.

आता असा विचार करावा की पावसात भिजणाऱ्या, घामाने ओली होणाऱ्या चपलेत लोखंडी खिळा ठोकला. खिळ्याभोवती चामडे आधी काळे पडेल, मग ठिसूळ होईल, आणि शेवटी खिळा तेथेच राहून चामडे मात्र त्याच्याभोवतून निघून जाईल. वादीचे तसे होत नाही. ती त्याच जातीच्या चामड्याची असल्यामुळे तळ ओला झाला की तीही फुगते, तळ वाळला की तीही आवळते. सांधा आणि सांधलेली वस्तू एकाच स्वभावाची असल्यामुळे दोघांचे वय सारखे असते. रसायनशास्त्राचे पुस्तक न वाचता हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत गेले.

गाठ आणि वादी

चामड्याने चामडे बांधण्याची ही युक्ती फार जुनी आहे. आर्मेनियातील अरेनी येथील गुहेत २००८ साली एक जोडा सापडला. तो ख्रिस्तपूर्व सुमारे ३५०० वर्षांचा आहे. गाईच्या एकाच कातड्याचा तो जोडा चामड्याच्या दोरीनेच आवळलेला आहे. शुभवर्तमानांतही वहाणेचा बंद आपल्याला भेटतो. बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याच्या कमरेला चामड्याचा पट्टा होता, तो येणाऱ्या ख्रिस्ताविषयी बोलताना त्याच्या वहाणांचा बंद सोडण्याचीही आपली योग्यता नाही असे सांगतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चामड्याची वादी असाच आहे. धन्याच्या वहाणेचा बंद सोडणे हे त्या काळी गुलामाचे काम समजले जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वाक्याची नम्रता कळते.

आपल्या परिसरात वादीचा उपयोग पायापुरता कधीच नव्हता. विहिरीवरची मोट चामड्याची असे. बैल उतारावर चालू लागले की पाण्याने भरलेली ती अवजड मोट वर येई, आणि त्या सगळ्या भाराला तिचे टाके पुरून उरत. मोट फाटली की शेत वाळले. म्हणून मोट शिवणाऱ्याच्या टाक्यावर गावाचे पीक अवलंबून असे. मिरजेच्या गायन-वादनाच्या परंपरेत तबल्याकडे पाहावे. त्याची पुडी चामड्याची, ती आवळणारी वादीही चामड्याची, आणि वादीखाली लाकडी गट्टे सरकवून स्वर चढवायचा. येथेही खिळा नाही, कारण खिळ्याने कातडे धरून ठेवता येईल, पण हवा तेवढा ताण कमीजास्त करता येणार नाही.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. त्या काळच्या कारखान्यांत एका लांब दांड्यावरून अनेक यंत्रे फिरविली जात, आणि दांड्यापासून यंत्रापर्यंत शक्ती नेणारा पट्टा बहुधा चामड्याचा असे. त्या पट्ट्याची दोन टोके जोडणे हे मोठ्या कौशल्याचे काम होते. सांधा जाड झाला तर चाकावर प्रत्येक फेरीला धक्का बसे. सैल झाला तर पट्टा निसटे. काही जण वादीने शिवीत, काही जण धातूचे दातेरी पट्टे ठोकीत. मागातला धोटा ढकलणारा तुकडाही कातड्याचा असे. म्हणजे ज्या यंत्रयुगाने हातकामाचा शेवट केला असे आपण समजतो, ते यंत्रयुगही आरंभी चामड्याच्या वादीवर फिरत होते.

पुढे मोटेच्या जागी इंजिने व पंप आले. त्यांत याच रेल्वेमार्गाच्या वरच्या अंगाला, किर्लोस्करवाडीला, १९१० साली स्थापन झालेल्या कारखान्याचाही मोठा वाटा आहे. शेतकऱ्याचे आणि बैलांचे कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. पण मोट शिवणाऱ्या हाताला दुसरे कोणते काम मिळाले, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

बक्कल येते

धातूचा सांधा आपल्याकडे आला तो मुख्यतः घोड्याच्या आणि शिपायाच्या वाटेने. घोड्याचे खोगीर करणाऱ्याला जीनगर म्हणत. फारसी भाषेत 'झीन' म्हणजे खोगीर. खोगिराला तंग लागतो, रिकीब लागते, लगामाला कड्या लागतात. म्हणून जीनगराला चामडे आणि धातू या दोहोंचे काम यावे लागे. पुढे घोडदळे गेली तेव्हा हे कसबी हात पुस्तकबांधणीसारख्या नव्या धंद्यांकडेही वळले. चामडे आणि धातू यांची सोयरीक जमविणारे आपल्याकडचे जाणते कारागीर म्हणून जीनगरांचे नाव घेतले पाहिजे.

मराठी माणसाच्या अंगावरचा पोशाख मात्र दीर्घकाळ बंदांनीच बांधला जात असे. बाराबंदी हे नावच त्याची साक्ष देते. अंगरखा बंदांचा, चोळी गाठीची, धोतर आणि लुगडे तर केवळ निऱ्यांचे आणि खोचण्याचे. पोर्तुगीज आले आणि त्यांच्याबरोबर अडकवण्याच्या वस्तूंची नावेही आली. आपल्या वसईत १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे त्यांची सत्ता होती, गोव्यात त्याहून कितीतरी अधिक. आलपीन हा शब्द त्यांच्या 'आल्फिनेते'वरून आला, फीत 'फिता'वरून, दाराची बिजागरी 'बिसाग्रा'वरून. आणि कोकणीतला बुतांव हा 'बोतांव'वरून. पायातल्या सपातांचे नावही त्यांच्या 'सापातो'चेच रूप आहे. टोचणे, बांधणे, अडकविणे या साध्या क्रियांची इतकी परकी नावे आपल्या घरांत राहतात आणि आपल्याला ती परकी वाटतही नाहीत.

बक्कल मात्र इंग्रजांकडून आले. त्याचे मूळ लॅटिन 'बुक्कुला' म्हणजे लहानसा गाल, या शब्दात आहे. शिरस्त्राणाचा पट्टा गालापाशी आवळीत, त्यावरून हे नाव पडले. रोमन शिपायाच्या चिलखताला आणि कमरपट्ट्याला बक्कल असे. इंग्रजी अमदानीत ते आपल्या शिपायाच्या कमरेला आले. पोलिसाचा 'बक्कल नंबर' हा शब्दप्रयोग अजूनही आपण सर्रास करतो. कमरेच्या बकलावर क्रमांक कोरलेला असे, म्हणून तो बक्कल नंबर. टिचबटण त्याहून अलीकडचे. जर्मनीत हेरिबर्ट बाउअर याने १८८५ साली त्याचे एकस्व घेतले. त्याचा हेतू पुरुषांच्या विजारींची सोय करणे एवढाच होता.

चामडे मनगटावर आले ते मात्र घड्याळाबरोबर. त्यापूर्वी पुरुषाचे घड्याळ खिशात, साखळीला अडकवलेले असे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना खिशात हात घालायला सवड नव्हती, म्हणून घड्याळ चामड्याच्या पट्ट्याने मनगटाला बांधण्याची रीत रूढ झाली. आपल्याकडे १९६१ साली बंगळूरला एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि लग्नात जावयाला, दहावी झालेल्या मुलाला घड्याळ देण्याची प्रथा घराघरांत पोहोचली. तो कारखाना आता बंद झाला आहे. पण घड्याळ चालू असतानाही त्याचा पट्टा किती वेळा बदलावा लागे, हे त्या पिढीला चांगले आठवत असेल. पट्टा तुटे तो बहुधा बकलापाशीच, जेथे चामडे रोज वाकते आणि जेथे घाम साठतो. आजच्या ब्रेसलेटची सारी अडचण त्या एका अनुभवात आहे.

योग्य सांधा कोणता?

इतका इतिहास पाहिल्यावर मूळ प्रश्नाला हात घालणे सोपे जाते. जुन्या कारागिराने सांधा निवडताना तीन गोष्टी पाहिल्या: चामडे कशाने कमावले आहे, सांध्यावर किती ताण पडणार आहे, आणि त्या जागी ओलावा किती येणार आहे. ब्रेसलेटलाही हेच तीन प्रश्न विचारावेत.

सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याला साधे लोखंड लावू नये. बाजारात पुष्कळदा लोखंडावर पातळ मुलामा दिलेली बकले व बटणे मिळतात. मुलामा झिजला की काळा डाग ठरलेला. चुंबक जवळ नेला की आतले लोखंड कळते. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली क्रोमच्या क्षारांनी चामडे कमावण्याची रीत शोधली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटरटन यांनी मद्रासेत तिचे प्रयोग केले. अशा क्रोमच्या मऊ चामड्याला लोखंडाचा तो डाग तितका बाधत नाही, परंतु ते ताणले जाते. म्हणून त्याला ठोकलेले बटण लवकर सैल होते.

पितळ हा जुना आणि बराचसा भरवशाचा सोबती. तरी चामड्याला मुरवलेल्या तेलाशी त्याचा संबंध येऊन हिरवट मेणासारखे कीट जमते. ते वेळोवेळी पुसावे लागते. न गंजणारे पोलाद चांगले. निकेलच्या मुलाम्याने मात्र अनेकांच्या त्वचेला खाज सुटते आणि चट्टे उठतात. त्वचेला सतत लागून राहणाऱ्या वस्तूंतील निकेलवर युरोपीय समुदायाने १९९४ साली निर्बंध घातले, ते याच कारणासाठी. लहान मुलांसाठी ब्रेसलेट करताना ही गोष्ट विसरू नये.

टिचबटण लावायचे तर चामड्याची जाडी आणि बटणाच्या दांडीची लांबी जुळली पाहिजे. दांडी लांब असेल तर ती आत वाकते आणि बटण डुगडुगते. आखूड असेल तर चामड्याला पकडच येत नाही. बक्कल लावायचे तर त्याच्या दांडीभोवती चामडे दुमडून येते, म्हणून तेवढी जागा आधी रापीने तासून पातळ करावी आणि दुमड शिवून घ्यावी. भोके चिरून पाडू नयेत, गोल पाडावीत, कारण चिरेच्या टोकापासून चामडे फाटत जाते. चुंबकाचा चाप दिसायला सुबक, पण बाजूने ओढ बसली की सहज सुटतो. हुपरीच्या दागिन्यांत असतो तसा चांदीचा आकडा लावायचा तर त्याआधी चामड्यात कडी बसवून ती शिवून घेतली पाहिजे, नाहीतर धातूची धार चामडे कापून काढते. चांदी-सोन्याच्या दागिन्यात फासा, पेच किंवा मळसूत्र शोभते, कारण तेथे धातूच धातूला धरतो. चामड्याला तो भार पेलेलच असे नाही.

आणि सर्वांत साधा उपाय जुनाच आहे. पट्टीच्या एका टोकाला काज, दुसऱ्या टोकाला चामड्याचीच गुंडाळून केलेली गुंडी. किंवा दोन वाद्या एकमेकींभोवती सरकत्या गाठीने बांधाव्यात, म्हणजे एकच ब्रेसलेट थोरल्यालाही होते आणि धाकट्यालाही. धातूच नाही, म्हणून डागही नाही आणि खाजही नाही. कोल्हापुरी चपलेने फार पूर्वी दिलेले उत्तर मनगटालाही लागू पडते.

ज्यांनी जोडले त्यांना कोणी जोडले?

येथवर आपण चामड्याविषयी बोललो. ज्यांच्या हाती ते होते त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. कातडे कमावणारा ढोर समाज आणि चामडे शिवणारा चर्मकार समाज यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवले. त्यांच्या हातची मोट चालत असे, चप्पल चालत असे, तबला देवळात वाजत असे. त्यांचा स्पर्श मात्र चालत नसे.

बाराव्या शतकात कल्याण नगरीत बसवेश्वरांच्या अनुयायांत हरळय्या नावाचा चर्मकार शरण होता. त्याने आणि त्याच्या पत्नीने आपल्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवेश्वरांना अर्पण केल्या आणि बसवेश्वरांना त्या पायात घालवेनात, अशी कथा या सीमाभागात श्रद्धेने सांगतात. त्याच हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण घरातून आलेल्या शरणाच्या मुलीशी झाला, तेव्हा दोन्ही पित्यांना देहदंड मिळाला असे ती परंपरा सांगते. चामड्याची दोन टोके जोडणाऱ्याने माणसांची दोन टोके जोडू पाहिली, आणि ते समाजाला सोसले नाही.

ही गोष्ट केवळ आपल्या देशाची आहे असेही नाही. यहुदी धर्मनियमांच्या 'मिश्ना' या संग्रहात कातडे कमावण्याची जागा नगरापासून पन्नास हात दूर असावी असा दंडक आहे, आणि पती कातडे कमावणारा असेल तर पत्नीला काडीमोड मागता येई असेही तेथे म्हटले आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातील एक तपशील आपण वाचताना सहज ओलांडून जातो. संत पेत्र यापो नगरीत राहिले ते शिमोन नावाच्या कातडे कमावणाऱ्याच्या घरी, आणि ते घर समुद्राकाठी होते. शुद्ध-अशुद्ध प्राण्यांनी भरलेली चादर आकाशातून उतरत असल्याचा दृष्टांत त्यांना झाला तो त्याच घराच्या धाब्यावर. कोणाही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हा बोध घेऊन ते कर्नेल्य या परक्या शताधिपतीच्या घरी गेले, आणि ख्रिस्तमंडळीचे दार सर्व राष्ट्रांना उघडले. एवढी मोठी घटना घडायला शिमोनाचे घर निवडले गेले, याचा अर्थ आपण आपल्या गावच्या वाड्यावस्त्यांत शोधायचा आहे. संत पौल तंबू करणारे होते आणि त्यांचे काम चामड्याचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. फ्रान्समधील स्वासाँ येथे रक्तसाक्षी झालेले संत क्रिस्पिन आणि संत क्रिस्पिनियन हे जोडे शिवणाऱ्यांचे आश्रयदाते संत. २५ ऑक्टोबर हा त्यांचा स्मरणदिन. त्यांच्या परंपरागत चरित्रानुसार ते दिवसा उपदेश करीत आणि रात्री जोडे शिवून पोट भरीत.

ज्या शाहू महाराजांनी जयसिंगपूर वसविले, त्यांनीच २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. मार्च १९२० मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः तेथे आले होते. ते माणगाव आजच्या हातकणंगले तालुक्यात, म्हणजे आम्ही वर्णन केलेल्या याच शेजारात आहे. नगर आखणाऱ्या राजाला समाजाची आखणीही बदलावीशी वाटली, हे या परिसराचे भाग्य.

नाव, मोल आणि मान

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची वार्ता २०१९ साली सर्वत्र झाली. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना ते नाव वापरण्याचा हक्क आहे. सीमेवरून भांडणाऱ्या दोन राज्यांना एका वहाणेने शेजारी बसविले, असे म्हणता येईल. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या प्रदर्शनात अगदी कोल्हापुरीसारख्या वहाणा दाखविल्या आणि त्यांचे मूळ सांगितले नाही. तेव्हा महाराष्ट्रातून संताप उसळला आणि कंपनीला ते मूळ मान्य करावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून अशा दोन हजार जोड येथील कारागिरांकडून घडवून घेण्याची घोषणा कंपनीने केली. एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो सांगितली गेली.

हा संताप योग्यच होता. पण परक्याने श्रेय दिले नाही म्हणून रागावणाऱ्या आपण घरच्या कारागिराला कोणते श्रेय दिले? दुकानाचे नाव आपल्याला ठाऊक असते. चप्पल शिवणाऱ्याचे नाव कितीजणांना ठाऊक असते? घासाघीस करून किंमत पाडताना जी रक्कम कमी होते ती कोणाच्या मजुरीतून जाते, याचा विचार आपण करतो काय? शिकलेली मुले हा धंदा सोडत आहेत. त्यांनी सोडू नये असे म्हणण्याचा अधिकार, ज्यांनी त्या धंद्याला कधी मान दिला नाही, त्या समाजाला नाही. ज्याला तो सोडायचा आहे त्याला सुखाने सोडता यावा, आणि ज्याला करायचा आहे त्याला तो सन्मानाने करता यावा, एवढेच न्याय्य आहे.

आपल्या धर्मग्रामांतून सुट्टीतील शिबिरे होतात, महिला मंडळांचे हस्तकलेचे वर्ग चालतात. तेथे मुलांना कागदाची फुले शिकवितो तशी चामड्याची एखादी पट्टी आणि गुंडीही शिकवता येईल. ती शिकवायला मात्र एखाद्या चर्मकार कारागिरालाच बोलवावे, गुरू म्हणून खुर्ची द्यावी आणि शिकवण्याचे मानधन द्यावे. मुलांच्या हातून पहिली भोके वेडीवाकडी पडतील, पहिली गाठ सुटेल. ती पुन्हा कशी मारावी हे ते गुरुजी दाखवतील, आणि त्यांचे नाव त्या मुलांना आयुष्यभर पाठ राहील. त्या ब्रेसलेटला बक्कल असो वा नसो, आमच्या मते त्याचा खरा सांधा तेथेच जुळलेला असेल.